फ्लेक्स आधी उतरवा

पत्र असं आलं आहे. थोडं आटोपशीर केलं आहे, शब्द बहुतेक त्यांचेच.

"ताई, आम्ही मिरजेचे. यजमानांचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, मी घरी शिकवण्या घेते. मुलगा अकरा वर्षांचा, पहिलीपासून बुद्धिबळ खेळतो. जिल्ह्यात दोनदा पहिला, राज्यात एकदा आठवा. जुलैमध्ये दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली आणि आमच्याकडे सगळ्यांनाच भरून आलं. क्लासचे सर म्हणाले, सप्टेंबरात कझाकस्तानात अल्माटीला बारा वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा आहे, स्वखर्चाने एंट्री मिळते, पोरगं तयार आहे, पहिल्या दहात येईल. एफडी मोडली, माझ्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या, गल्लीतल्या मंडळाने आणि चार ओळखीच्यांनी मदत केली. मी सोबत गेले. दोघांचे मिळून पावणेचार लाख झाले. अकरा फेऱ्यांत त्याला साडेचार गुण मिळाले. रेटिंग 90 ने उतरलं. चौथ्या फेरीपासून रोज रात्री यजमानांचा फोन यायचा आणि ते त्याच्याशी बराच वेळ बोलायचे. शेवटी शेवटी तर तो पाऊण तासात हॉलबाहेर यायचा, बाकीची मुलं तीन-तीन तास आत बसलेली. परत आल्यापासून त्याने पट उघडलेला नाही. चौकात त्याच्या फोटोचा अभिनंदनाचा फ्लेक्स अजून आहे, म्हणून तो शाळेला मागच्या बोळातून जातो. परवा जेवताना यजमान म्हणाले, 'एकेक गुण ऐंशी हजाराला पडला.' पोरगं ताटावरून उठलं. सर म्हणतात, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेला पाठवा, सगळं भरून निघेल. मला वाटतं बंदच करावं. बॅग रिकामी केली तर पायमोज्यात सुपारीएवढी टोपीवाली फळं भरलेली निघाली, तिकडच्या एका मुलाबरोबर बागेत गोळा केलेली. मला रडूच आलं. इतके पैसे घालून हे आणलं. काय करू ते सांगा. – एक आई"

ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. साडेचार गुणांची नव्हे, पावणेचार लाखांचीही नव्हे. मागच्या बोळाची. अकरा वर्षांचा मुलगा स्वतःचा हसरा चेहरा टाळण्यासाठी रोज वाकडी वाट करून शाळेत जातो. बाकीचं सगळं नंतर बोलू. तो फ्लेक्स आधी उतरवा.

मंडळाच्या पोरांना सांगून, निरोप पाठवून नको. त्याच्या बाबांनी स्वतः उतरवावा. ज्यांनी तो लावला त्यांनी प्रेमानेच लावला होता, त्यांना वाईट वाटणार नाही. 'महिना झाला, आता काढतो' एवढं सांगितलं की पुरे.

आता साडेचार गुणांचं. तुमच्या घरात त्या आकड्याचा अर्थ चुकीचा लावला जातो आहे, आणि त्यावरून मुलाला शिक्षा होते आहे. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाच्या आईला अकरापैकी साडेचार म्हणजे एक्केचाळीस टक्के असं वाटणारच. पण ही परीक्षा नव्हे. परीक्षेत वर्गातली सगळी मुलं नव्वद टक्के मिळवू शकतात. बुद्धिबळात एकाने गुण घेतला की समोरच्याचा गेलाच. बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. म्हणजे अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेत सगळ्या मुलांची सरासरी काढली तर ती साडेपाचच्या आसपासच येणार, मग ती मिरजेतली स्पर्धा असो की अल्माटीतली. तुमचा मुलगा जगभरातून आलेल्या मुलांच्या सरासरीपेक्षा एका गुणाने मागे राहिला. त्यातही स्विस लीग पद्धत अशी की जिंकलात की पुढच्या फेरीत जिंकलेलाच समोर येतो. सुरुवातीला दोन डाव मारले की पुढचे तीन दिवस कठीणच जातात. हे त्याच्या बाबांना कागदावर मांडून दाखवा. वर्कशॉप चालवणारा माणूस आहे, हिशेब त्यांना लगेच कळेल.

रेटिंगचंही, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याचंही, तसंच. अठरा वर्षांखालच्या मुलांना जागतिक संघटनेच्या नियमात 40 चा गुणक असतो, म्हणजे अपेक्षित आणि मिळालेल्या गुणांतल्या फरकाला 40 ने गुणतात. अपेक्षेपेक्षा सव्वादोन गुण कमी पडले की 90 गेलेच. तोच गुणक वर जाताना पण लागतो, म्हणून मुलांचं रेटिंग लिफ्टसारखं वर-खाली होतं. शिवाय मध्य आशियातल्या कित्येक मुलांचं रेटिंग त्यांच्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी असतं, कारण ती रेटिंगच्या स्पर्धा कमी खेळतात आणि सराव भरपूर करतात. 2022 मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडला, म्हणजे देशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेला, खुल्या गटात सुवर्ण घेऊन गेला तो उझबेकिस्तानचा तरणाताठा संघ. त्या भागात खेळ किती मुरला आहे हे तेव्हाच सगळ्यांनी पाहिलं. पटापलीकडे 1400 रेटिंगचं पोरगं बसलं आहे असं कागदावर दिसतं, आणि डाव सुरू झाला की ते 1700 सारखं खेळतं. तुमच्या मुलाला हे आधी कुणी सांगितलं होतं का? मला शंका आहे. त्याला सांगितलं गेलं 'पहिल्या दहात'. मग 1400 वाल्याशी हरल्यावर त्याने काय समजायचं? आपण बेकार आहोत, एवढंच.

सरांवर मी तुमच्याइतकी रागावलेली नाही, पण त्यांना काही गोष्टी विचाराव्या लागतील. किती मुलं घेऊन ते गेले होते? संध्याकाळी पुढच्या फेरीच्या जोड्या लागल्यावर प्रत्येकाला समोरच्याचे डाव दाखवायला किती मिनिटं मिळाली? आठ मुलांना वीस-वीस मिनिटं म्हटली तरी पावणेतीन तास होतात, आणि मग शेवटच्या मुलाची वेळ रात्री साडेदहाला येते. तुमचा मुलगा त्या रांगेत कितवा होता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत आल्यावर त्या अकरा डावांवर ते त्याच्याबरोबर बसले का? नसतील बसले, तर आशियाई स्पर्धेचं नाव काढण्याचा त्यांना अधिकार नाही. जुने अकरा डाव न उघडता पुढच्या स्पर्धेचे पैसे भरणं म्हणजे गळक्या टाकीत पुन्हा पाणी सोडणं. ('भरून निघेल' हा शब्दच मला टोचला. मुलाकडून काय भरून काढायचं आहे?)

स्वखर्चाच्या एंट्रीबद्दल एक सांगते, म्हणजे इतर आई-वडलांनाही कळेल. देशाने अधिकृतपणे निवडलेला खेळाडू वेगळा, त्याची राहण्या-जेवणाची सोय आयोजक करतात. बाकीची मुलं फी भरून खेळतात, आणि बहुधा आयोजकांनी नेमलेल्या हॉटेलातच, त्यांच्याच दराने राहावं लागतं. सोबतच्या पालकाचाही तोच दर. त्यात काही बेकायदा नाही आणि काही फसवणूकही नाही. पण मग चौकात 'निवड झाल्याबद्दल' असं लिहिलं जातं ना, तिथून गोंधळ सुरू होतो. निवड झाली नव्हती. तुम्ही त्याला एक संधी विकत घेऊन दिली होती. ती द्यावी की नाही हा सर्वस्वी आई-बाबांचा निर्णय, आणि अशा संधी आई-बाप देतात, त्यात चूक नाही. फक्त मुलाच्या डोक्यावर 'देशाने पाठवलं' हे ओझं चढलं, आणि पोटात 'बाबांनी कर्ज काढलं' हे. दोन्ही घेऊन तो पटावर बसला.

आता त्या पाऊण तासाकडे या. अशा स्पर्धेत एकेका मुलाच्या घड्याळात दीड-दीड तास असतो, वर प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढून मिळतात. जो मुलगा जिल्ह्यात पहिला येतो त्याला विचार कसा करायचा हे माहीत असतं. तो पाऊण तासात बाहेर येतो तेव्हा तो वाईट खेळलेला नसतो, तो पळून आलेला असतो. त्याच्या स्कोअरशीट्स, म्हणजे चाली लिहायचे कागद, तुमच्याकडे असतील, कार्बनची पिवळी किंवा गुलाबी प्रत. पहिल्या तीन फेऱ्यांच्या आणि शेवटच्या तीन फेऱ्यांच्या शेजारी-शेजारी ठेवा. त्याला दाखवू नका, तुम्ही दोघंच पाहा. बुद्धिबळ तुम्हाला येत नसलं तरी अक्षर वाचता येतं. सुरुवातीला चौकटीत नीट बसलेलं अक्षर शेवटी तिरकं, घाईचं, एखादी चाल गाळलेलं दिसेल. चौथ्या फेरीपासून रात्री फोन सुरू झाले असं तुम्हीच लिहिलं आहे. कितव्या फेरीपासून अक्षर बिघडलं ते बघा. मी त्या कागदांवर काय आहे ते सांगू शकत नाही, पण तुम्ही दोघांनी ते बघायलाच हवेत.

मी हे इतक्या खात्रीने का बोलते ते सांगते. माझी मुलगी दहा वर्षांची असताना राज्य स्पर्धेला तिला घेऊन गेले होते, पंचवीस वर्षं होऊन गेली. सातपैकी दोन गुण मिळाले. परतीच्या एसटीत मी शेजारच्या बाईंना सांगत बसले, प्रवासाचे इतके, लॉजचे इतके, बूट नवे घेतले त्याचे इतके. मुलगी खिडकीशी बसली होती, मला वाटलं झोपली आहे. त्यानंतर स्पर्धेला गेलो की ती म्हणायची, भूक नाही. डोसा खातेस? नको. उसाचा रस पितेस? नको. मला वाटायचं, टेन्शन असेल. ती तिशीची झाली तेव्हा तिने सहज सांगितलं, 'आई, मी खर्च कमी करत होते.' सात-आठ वर्षं ती पोर स्पर्धांना उपाशी खेळली. मला आजही एसटी स्टँडवरच्या कँटीनजवळून जाताना घशात काहीतरी येतं.

म्हणून ऐंशी हजाराचं ते वाक्य. ते मागे घेतल्याशिवाय तुमच्या घरातलं काहीच सुरळीत होणार नाही. तुम्ही घेऊन चालणार नाही. ज्यांनी म्हटलं त्यांनीच घ्यायला हवं. त्यांना वाईट माणूस ठरवू नका. ज्या माणसाने बायकोच्या पाटल्या गहाण पडू दिल्या तो आतून किती पोळला असेल! रात्री फोन करायचा तोही काळजीपोटीच. दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नसेल. पण मुलाला काळजी ऐकू येत नाही, आकडा ऐकू येतो. त्यांनी मुलाला वर्कशॉपमध्ये न्यावं, रविवारी, मशीन बंद असताना, आणि साध्या शब्दांत सांगावं: पैसे घालायचे हे मी आणि आईने ठरवलं, तुला विचारून नाही. ते फेडायचे आम्ही. तुझ्या गुणांशी त्याचा संबंध नाही. मी जेवताना जे बोललो ते चुकलं. बस. पुढे 'पण तूही जरा' असं काही जोडायचं नाही. बापाने मुलाजवळ चूक कबूल करण्याची आपल्याकडे सवय नाही, मला माहीत आहे. एकदा करून बघू द्या.

पैशांचं खरं काम मोठ्यांनी मोठ्यांसारखं करावं. पाटल्या सोडवायचा हप्ता ठरवा, वहीत लिहा, वही मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ज्यांनी मदत केली त्यांना तोंड कसं दाखवायचं असं तुमच्या मनात आहे. त्यांना एक पत्र लिहा, तुमच्या दोघांच्या सहीचं: तुमच्यामुळे तो तिथवर गेला, अकरा डाव खेळला, साडेचार गुण मिळाले, तुमचे आभारी आहोत. गुण लपवू नका. लपवले की लोक कुजबुजतात, सांगितले की 'बरं झालं, अनुभव आला' म्हणून चहा विचारतात. मुलाला बरोबर नेऊन सगळ्यांसमोर उभं मात्र करू नका.

दिव्याचं नाव घरात काही दिवस बाजूला ठेवा, एवढी विनंती. नागपूरची ती पोर मला फार आवडते. 28 जुलै 2025 ला जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या दिवशी पटाच्या दुसऱ्या बाजूला कोनेरू हम्पी बसली होती, हे आपण विसरतो. पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली हम्पी, त्याच्या सातच महिने आधी न्यूयॉर्कला जलद बुद्धिबळाची जगज्जेती झालेली हम्पी. ती हरली. आपल्या मुलांना हरलेल्या हम्पीचे डाव पण दाखवायला हवेत, आणि हरल्यावरही तिच्याबद्दलचा आदर कुणाच्या मनात तसूभरही कमी झाला नाही, हे पण.

बंद करावं का, हा तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही ठरवू नका, आणि आत्ताच ठरवू नका. पट कपाटावर चढवून ठेवू नका, तसा मुद्दाम मांडूनही ठेवू नका. नेहमीच्या जागी असू द्या. दिवाळीपर्यंत त्या विषयावर तुम्ही एक शब्दही काढायचा नाही. त्याने स्वतः काढला तर ऐका. 'मला नाही खेळायचं' म्हणाला तर 'बरं' म्हणा, आणि त्या 'बरं'मध्ये रुसवा नको. काही मुलं खरंच सोडतात, आणि छान वाढतात. पण पहिलीपासून जो आपणहून पटाशी बसला तो बहुधा परत येतो, कुणी ढकललं नाही तर.

आला, तर तुमच्यासारखं नशीब फार थोड्यांचं. मिरजेहून सांगली अशी किती लांब! भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथे आहे. उन्हाळ्यात स्पर्धा भरवण्याची सांगलीची परंपरा कित्येक दशकांची. भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच मातीतल्या, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या. बुद्धिबळपटू स्वाती घाटे त्याच गावच्या. तिथे तो सिटी बसने जाईल, हरला तरी रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळेल. कोल्हापूर, पुणे इथल्या रेटिंग स्पर्धांतही ते 90 गुण कमावता येतात, तेही काही हजारांत. आशियाई स्पर्धेला दोन वर्षं तरी नाही म्हणा. राष्ट्रीय स्पर्धेतून निवड झाली, तर गोष्ट वेगळी. सरांना हे तुम्ही शांतपणे सांगा, आणि त्याच वेळी त्या अकरा डावांची आठवण करा. मुलगा तयार झाला की आठवड्याला एकच डाव, आणि पहिला तो जिंकलेला घ्यायचा. साडेचार गुण आहेत म्हणजे तिथे त्याने कुणाला तरी हरवलं आहे! तुमच्या पत्रात त्या डावांबद्दल एकही ओळ नाही, ताई. कुणाला हरवलं, कसं हरवलं, तुम्हाला तरी माहीत आहे का?

आणि ती टोपीवाली फळं. ती ओकची असावीत. त्या शहरात ओकची झाडं खूप आहेत, आणि सप्टेंबरच्या अखेरीस त्यांचा सडा पडतो. फेकली नसतील तर त्याची त्याला परत द्या. पायमोज्यात भरून आणली म्हणजे हरवू नयेत म्हणून त्याने विचार केला होता. त्या पंधरवड्यात त्याने स्वतःच्या मर्जीने केलेली ती कदाचित एकच गोष्ट असेल. बागेतला तो मुलगा कोण होता, कुठल्या भाषेत बोलत होते दोघं, तो पण स्पर्धेतलाच होता का, हे त्याला विचारा. पण बुद्धिबळाचं म्हणून नव्हे, तुम्हाला खरंच ऐकायचं आहे म्हणून. तुम्ही दोघं पंधरा दिवस परदेशात एका खोलीत राहून आलात आणि त्या शहराबद्दल अजून एकमेकांशी बोललेला नाहीत असं पत्रावरून वाटतं. रस्त्याच्या टोकाला बर्फाचे डोंगर दिसतात तिथे. मिरजेच्या पोराने ते पहिल्यांदाच पाहिले असतील.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. नाही दिलंत तरी फ्लेक्सचं तेवढं आज सांगा. उद्या सकाळी, शाळा भरायच्या आत, त्यांनी एकट्याने जाऊन उतरवावा. शिडी वर्कशॉपमध्ये असेलच.